सावली बुटकी होते तेव्हा मैदान रिकामे असते

मा. जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, परभणी
यांस,



"सर, हे डी वाढलं की सोळाशे आऊट ऑफ येतंय का?"

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा पहाटेचे सव्वापाच वाजले होते. त्याने मोबाइलच्या उजेडात रिपोर्ट दाखवला. व्हिटॅमिन डी, १४. बाजूला छापलेले होते की २० च्या खाली म्हणजे कमतरता. त्याच्या खोलीवरच्या मित्राने कुठून तरी इंजेक्शन घेतले होते आणि दुसऱ्याच दिवसापासून 'पाय हलके झाले' असे तो सांगत सुटला होता. याला वाटत होते, आपणही घ्यावे. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत वीस गुण एकट्या सोळाशे मीटरला आहेत. तेवढ्यासाठी ही पोरे काय काय करतात ते आपल्याला ठाऊक असेलच.

मी आयुष्यभर शाळेत खेळाचा तास घेतला. निवृत्तीनंतरही पहाटे मैदानावर गेल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून पोरे मलाच विचारतात. त्याला मी माझ्या परीने उत्तर दिले. पण त्या उत्तराचा निम्मा भाग त्याच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. तो मैदानांच्या आणि शाळांच्या वेळापत्रकात आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

आधी त्याचे आश्चर्य सांगतो, कारण ते माझेही होते. परभणीत आणि उन्हाचा तोटा? उन्हाळ्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, टीव्हीवर राज्याच्या तापमानाची यादी लागली की आपले नाव वरच्या ओळींत असते. आणि ड जीवनसत्त्व तर उन्हातूनच मिळते म्हणतात. मग १४ कसे?

उत्तर त्याच्या दिनक्रमात आहे. पाचला मैदान, साडेसहाला परत. मग अभ्यासिका. दिवसभर खुर्ची, पंखा, चालू घडामोडी. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा मैदान. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो सातला दहाएक मिनिटे कमी असताना. म्हणजे रोज दहा-बारा किलोमीटर पळणारा हा पोरगा हिवाळाभर वर चढलेला सूर्य फक्त खिडकीच्या काचेतून बघतो. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते ते किरण काच अडवते. तालमीतल्या पैलवानाचेही तेच. अंगभर तेल, अंगावर फक्त लंगोट, पण लाल माती छपराखाली आणि मेहनत भल्या पहाटे. मॅटवरच्या कबड्डीचा सराव तर दिव्यांखालीच चालतो.

आता कोवळ्या उन्हाबद्दल. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात पायावर घ्यायच्या. त्या मायेला आणि उबेला मी हात लावत नाही. पण 'सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व असते' हे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, आणि मीही वर्गात फळ्यावर लिहिले, ते बरोबर नाही. कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर अतिनील किरणांतल्या एका अरुंद पट्ट्याचा, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, मारा झाला की ड जीवनसत्त्वाची सुरुवात होते. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. सूर्य खाली असताना हे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि वाटेतच गळून जातात. आपल्यापर्यंत पोचतो तो तांबूस उजेड आणि गोड ऊब.

यासाठी यंत्र लागत नाही. आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून फारसे काही मिळत नाही. उंचीपेक्षा बुटकी झाली की कारखाना सुरू. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सकाळी आठ वाजता माणसाची सावली त्याच्या उंचीच्या चौपटीहून लांब पडते. त्या उन्हात बसून आपण स्वतःची समजूत घालत असतो. उलट मेच्या मध्यावर, जेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे होतो, तेव्हा सकाळी नऊ-सव्वानऊलाच सावली उंचीइतकी आखूड झालेली असते.

त्यात आपली कातडी सावळी. तिच्यातले रंगद्रव्य हे किरण आधी स्वतःच पिते. उन्हाच्या जाळापासून ते आपल्याला वाचवते हे खरे, पण म्हणूनच गोऱ्या लोकांसाठी लिहिलेली 'दहा मिनिटे उन्हात बसा' ही सूचना आपल्याला लागू पडत नाही. हात-पाय उघडे ठेवून अर्धा-पाऊण तास तरी लागतो.

हा सगळा प्रकार एकट्या परभणीचा नाही. दिल्लीत एम्सच्या संशोधकांनी २००० साली निरोगी माणसांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांचीच पातळी फार खाली निघाली आणि उन्हात कवायत करणारे सैनिक त्यामानाने बरे निघाले. देश तोच, सूर्य तोच. फरक होता तो दुपारी कोण कुठे असतो याचा.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण अभिमानाने म्हणतो, म्हणून जर्मनीचेही सांगतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोनच्या क्रीडा महाविद्यालयात खेळाडूंना अतिनील दिव्यांखाली बसवून त्यांची कामगिरी सुधारते का हे पाहिले जात होते, आणि सुधारते असे तिथल्यांचे म्हणणे पडले. त्या काळातले प्रयोग आजच्या कसोटीला उतरत नाहीत हे खरे. पण त्यांना दिवे का लावावे लागले ते बघा. कोलोनला २२ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. त्याच दिवशी परभणीत तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही आपल्याकडे सुमारे साडेअकरा ते सव्वा या वेळात सावली उंचीपेक्षा बुटकी असते. जर्मनीला जे विजेचे बिल भरून मिळवावे लागले ते आपल्याकडे बाराही महिने फुकट पडून आहे. फक्त ते पडते तेव्हा आपले मैदान रिकामे असते.

आता पोराचा मूळ प्रश्न. डी वाढले की सोळाशे सुटते का?

ड जीवनसत्त्व फारच कमी झाले तर स्नायू दुबळे होतात यात शंका नाही. उकिडवे बसून उठताना मांडीला हात टेकावा लागतो, चाल बदकासारखी होते. स्नायूंत दोन प्रकारचे धागे असतात, सावकाश दमणारे आणि झटक्याचे. तीव्र कमतरतेत आधी वाळतात ते झटक्याचे. शंभर मीटरची सुरुवात, गोळाफेक, कबड्डीतली डुबकी, सगळे त्यांच्यावर. म्हणून खड्डा असेल तर तो भरलाच पाहिजे. पण खड्डा भरला म्हणजे डोंगर उभा राहत नाही, आणि औषधवाले नेमकी इथेच गल्लत करतात.

लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठात ग्रेअम क्लोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात ६१ खेळाडू तपासले. ६२ टक्क्यांची पातळी वीसच्या खाली होती. मग दहा फुटबॉलपटू घेतले, पाचांना आठ आठवडे रोज ड जीवनसत्त्वाचे ५,००० आययू (हे त्याचे मोजमाप) दिले, पाचांना औषध नसलेली नुसती गोळी. औषधवाल्या पाचांची दहा मीटरची धाव आणि उभी उडी सुधारली. ही बातमी जगभर गेली. त्याच गटाने त्याच वर्षी, २०१३ मध्ये, तीस खेळाडूंवरचा दुसरा प्रयोगही छापला. आठवड्याला २०,००० किंवा ४०,००० आययू, बारा आठवडे. त्यात निम्म्याहून अधिक जण सुरुवातीला कमतरतेतच होते. रक्तातली पातळी वाढली, उडी आणि ताकद होती तिथेच राहिली. ही दुसरी बातमी कुठे गेली नाही. पाच जणांचा निकाल जाहिरातीत चालतो. तीस जणांचा चालत नाही.

हाडांचे मात्र वेगळे आहे, आणि माझ्या मते भरतीच्या पोरांसाठी खरा मुद्दा तोच. अन्नातले कॅल्शियम आतड्याने उचलायला ड जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर शंभरातले दहा-पंधराच भाग अंगी लागतात, असेल तर तीस-चाळीस. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या ५,२०१ मुलींवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे रोज ८०० आययू ड जीवनसत्त्व आणि २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले. त्यांच्यात ताणाने हाडाला तडा जाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांनी कमी निघाले. वय तेच, अचानक वाढवलेली धाव तीच, आणि भरतीची घाईही आपल्या मुलींसारखीच.

मैदानावर पोरे 'शिन पेन' म्हणतात. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवले की कळ मस्तकात जाते, तरी भरतीची जाहिरात निघालेली असते म्हणून कापड गुंडाळून पळतात. बाम चोळतात, दुखण्याची गोळी खाऊन मैदान मारतात. त्यातल्या काहींची नुसती सूज असते, काहींच्या हाडाला खरेच तडा गेलेला असतो. तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असेही नसते. अशा पोराचे वर्ष जाते आणि कधी कधी वयाची अटही निघून जाते.

इंजेक्शनाचे सांगतो. आठवड्याला एक, साठ हजार आययूची पुडी दुधातून घ्यायची, ही डॉक्टरांनी ठरावीक आठवडे लिहून दिलेली असते. तिला माझी हरकत नाही. मला भीती वाटते ती सहा लाख आययूच्या सुईची, जी रिपोर्टही न बघता दिली जाते. एकदम मोठा डोस दिला म्हणजे जास्त बळ, हा हिशेब ड जीवनसत्त्वाला लागू नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांवर अभ्यास झाला, काहींना वर्षातून एकदाच पाच लाख आययू दिले गेले. अपेक्षा अशी की पडणे कमी होईल, हाडे वाचतील. झाले उलटे. औषध घेणाऱ्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडे जास्त मोडली. २०१० साली हा निकाल आला. आपली पोरे म्हाताऱ्या बायका नाहीत हे मान्य. पण चरबीत साठणारे हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार झाले तर रक्तात कॅल्शियम चढते, तहान, उलट्या, मूतखडा. एखाद्या क्रीडा सप्ताहात 'खेळाडूंसाठी मोफत डी-थ्री इंजेक्शन शिबिर' असा प्रस्ताव आपल्यासमोर आला, तर कृपया सही करू नये. सरसकट रक्ततपासणीच्या शिबिराचेही तसेच. निरोगी तरुणांची उगीच ही तपासणी करू नका, असे अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ज्याचे हाड दुखते त्याची करा, आणि ती जिल्हा रुग्णालयात वेळेवर व फुकट होईल एवढे बघा. बाहेर या एका तपासणीला जे पैसे पडतात त्यात पोराचे आठवडाभराचे जेवण निघते.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण खेळाडू म्हटले की डोळ्यांसमोर मुलगाच आणतो. वास्तविक परभणीने राज्याला दिलेली धावपटू म्हणजे ज्योती गवते. २०१७ ची मुंबई मॅरेथॉन तिने भारतीय महिलांत जिंकली, २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत. २०१९ आणि २०२० मध्ये सुधा सिंगच्या पाठोपाठ दुसरी आली. तिच्या मागून इथल्या किती मुलींनी बूट घातले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, पण पहाटेच्या रस्त्यावर त्या दिसतात. कशा दिसतात? पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, पायघोळ ट्रॅक पँट, डोक्याला स्कार्फ. अंधारात निघतात आणि उजाडायच्या आत घरी. लोक काय म्हणतील, हे एक. आणि रस्त्यावरची टवाळी, हे दुसरे. दिवसा कॉलेजला जाताना स्कूटीवर सनकोट, हातमोजे, तोंड बांधलेले. रंग काळवंडेल ही आईची काळजी. त्या मुलीच्या अंगावर सूर्य पडतो तो बोटभर कपाळावर. तिला मी 'दुपारी हाफ पँटवर पळ' असे कोणत्या तोंडाने सांगू? तिला हवे आहे भिंतीचे मैदान, फाटकावर एक बाई शिक्षिका, आणि दुपारचा एक तास जो फक्त मुलींचा. शाळांना कुंपणभिंती आहेत. रविवारी त्या शाळा रिकाम्याच असतात.

आणि मुलीच्या हाडाला तडा गेला म्हणजे दरवेळी ड जीवनसत्त्वच दोषी असे नाही. वजन कमी ठेवायचे म्हणून अर्धपोटी पळणाऱ्या मुलींची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत. उलट कटकट गेली म्हणून बरे वाटते. हाडे तिथूनच पोकळ होऊ लागतात. हे मार्गदर्शकाने विचारायचे असते. पुरुष मार्गदर्शकाला जड जाते, मलाही गेले. तालुक्याला एक तरी महिला मार्गदर्शक नेमावी, हे माझे जुने म्हणणे इथे पुन्हा मांडतो.

ताटाबद्दल फार लिहीत नाही. अन्नातून ड जीवनसत्त्व मिळते ते थोडे, अंड्याच्या बलकात, चरबीच्या माशांत, आणि ड मिसळलेल्या पिशवीच्या दुधात. राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेले दिवसाचे ६०० आययू एवढ्यावर भरत नाहीत. पण कॅल्शियम ताटातूनच यायचे, आणि तिथे आपण मार खातो. ज्वारीच्या भाकरीत आणि डाळीत फायटेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते. म्हणून भाकरी सोडा असे कोण म्हणेल? आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. त्या भाकरीबरोबर वाटीभर दही, तिळाची चटणी, जमेल त्याला अंडे. पूर्वी घरोघरी ताक होते. आता दूध डेअरीला जाते आणि पोरगा चहात बिस्किट बुडवतो.

विद्यापीठाचे नाव निघालेच, तर एक काम त्यांच्याकडे सोपवता येईल. तिथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग आहे. शेतकऱ्यांना ते हवामानाचा सल्ला देतात. त्यांनी आपल्या नऊ तालुक्यांसाठी महिनावार एक तक्ता करून द्यावा, सावली किती वाजता उंचीइतकी होते आणि किती वाजता पुन्हा लांबते. एका पानात बसेल. तो प्रत्येक शाळेच्या आणि मैदानाच्या भिंतीवर रंगवून घ्यायला फार खर्च नाही.

उन्हाळ्यात भर दुपारी पोरे मैदानावर काढा असे मी म्हणत नाही. परभणीच्या एप्रिलमध्ये ते पाप होईल. मार्च ते जूनमध्ये सकाळचा सराव उशिरा हलवून, सावली उंचीइतकी झाली की शेवटची वीस-पंचवीस मिनिटे हलके स्ट्रेचिंग, तेवढेच, आणि पाणी जवळ. पावसाळ्यात ढग असतील तेव्हा मिळेल ते खरे. मी मागतोय तो मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या पाच महिन्यांत साडेअकरा ते साडेबारा क्रीडा संकुलाचे आणि तालुका मैदानांचे फाटक उघडे राहावे, कडेला सावलीचे शेड आणि माठ असावा. शाळांतला खेळाचा तास बहुतेक ठिकाणी शेवटचा असतो, म्हणजे सावल्या लांबल्यावर. हिवाळ्यापुरता तो मधल्या सुट्टीच्या आधी आणता येईल. मुख्याध्यापक म्हणतील, मग गणित कधी? मी ते भांडण पुष्कळ भांडलो आहे आणि बहुतेक वेळा हरलो आहे. आपल्या सहीच्या पत्राने कदाचित निकाल वेगळा लागेल. अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही एक विनंती पोचवता आली तर बघा. दुपारच्या डब्याची सुट्टी गच्चीवर, बाह्या वर करून. तेवढ्याने चालू घडामोडी कुठे पळून जात नाहीत.

त्या पोराला मी सांगितले ते असे. १४ आहे, तर इंजेक्शन नको, डॉक्टरला दाखव, ते लिहून देतील ती पुडी घे आणि सांगतील तेवढेच आठवडे घे. दुपारी तासभर अभ्यासिकेतून बाहेर पड. सोळाशेचे सेकंद कमी होतील ते पळण्याने, झोपण्याने आणि जेवण्याने. तो थोडा हिरमुसला. सुईने काम झाले असते तर त्याला जास्त आवडले असते. पण परवा विचारत होता, "सर, दुपारी पळायचं तर कुठं? गेट तर बंद राहतंय."

येत्या २२ डिसेंबरला दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आपल्याला सवड असेल तर मैदानावर यावे. तो पोरगा साडेपाच फूट उंच आहे. त्या वेळी त्याची सावली पाच फूट एक इंचाच्या आसपास भरेल. टेप मी आणतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक
परभणी जिल्हा